कांदळवन तोडून पाचपट झाडं लावली, तरी कार्बनचा हिशेब का जुळत नाही?

मुंबईत किंवा कोकणात रस्ता, रेल्वे, बंदर असं काही यायचं ठरलं की बातमीत दोन आकडे हमखास असतात. किती कांदळवन, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, जाणार हा एक, आणि त्याच्या बदल्यात किती रोपं लावणार हा दुसरा. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार कांदळवृक्ष तोडायला परवानगी दिली. मूळ आराखड्यात हा आकडा 53 हजारांच्या वर होता, तो कमी करून घेतला गेला, आणि पाचपट लागवडीची हमीही देण्यात आली. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याच्या निमित्ताने तोच वाद पुन्हा रंगला.

पाचपट म्हटलं की सामान्य माणसाला वाटतं, चला, फायदाच झाला की! एक गेलं, पाच आली. झाडं मोजायची असतील तर हे खरं आहे. पण हवामानबदलाच्या संदर्भात कांदळवनाचं नाव घेतलं जातं ते झाडांपेक्षा झाडांखालच्या चिखलासाठी, आणि चिखलाची लागवड करता येत नाही.

नील कार्बन म्हणजे काय?

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातल्या कार्बनपासून खोड, पानं, मुळं घडवतं. एवढं शाळेत शिकलेलं असतंच. किनाऱ्यावरच्या आणि उथळ समुद्रातल्या वनस्पती जो कार्बन असा शोषून जमिनीत साठवतात, त्याला नील कार्बन म्हणतात. 2009 साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी काढलेल्या एका अहवालापासून हा शब्द रूढ झाला. त्यात मुख्यतः तीन जागा मोडतात: कांदळवन, खाऱ्या पाण्यातली गवताळ दलदल आणि समुद्राच्या तळाशी उगवणारं सागरी गवत. सागरी गवताची मोठी कुरणं आपल्याकडे पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान या भागांत आहेत. महाराष्ट्र-गोव्यापुरतं बोलायचं तर विषय कांदळवनाचाच. मुंबईकडे त्याला सरसकट तिवर म्हणतात, पुस्तकात खारफुटी. प्रत्यक्षात तिवर, चिप्पी, कांदळ ही वेगवेगळी झाडं आहेत. त्यातल्या पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला.

डोंगरातल्या घनदाट जंगलात बराचसा कार्बन डोळ्यांना दिसतो, कारण तो खोडाफांद्यांत असतो. कांदळवनात उलटं असतं. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवरच्या कांदळवनांची 2011 मध्ये मोजणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एकूण कार्बनपैकी 49 ते 98 टक्के वाटा जमिनीखालचा निघाला. वर दिसणारं झुडूप माणसाच्या उंचीचं असलं, तरी खाली काय दडलंय त्याचा अंदाज त्या उंचीवरून बांधता येत नाही.

चिखलात पानं कुजत का नाहीत?

कैरीचं लोणचं घालताना आजी एकच गोष्ट दहादा बजावायची: फोडी खारात बुडालेल्या राहिल्या पाहिजेत, वर तेलाचा थर हवा, आणि बरणी उगाच उघडायची नाही. फोड वर आली, हवा लागली की बुरशी धरलीच. खाडीचा चिखल म्हणजे मीठ आणि पाणी यांनी हवाबंद केलेली अशीच एक बरणी आहे.

जंगलात पडलेलं पान काही महिन्यांत मातीत मिसळतं. बुरशी आणि जिवाणू ते खातात, त्यासाठी ऑक्सिजन वापरतात, आणि पानातला बहुतेक कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. चिखलाचे कण इतके बारीक की पाणी त्यांच्यात अडकून बसतं आणि हवा आत शिरत नाही. वरच्या काही मिलिमीटरांत ऑक्सिजन असतो, त्याच्या खाली जवळपास नसतोच. म्हणून तर तिवराची मुळं जमिनीखाली वाढता वाढता पेन्सिलीसारखी उभी वर येतात. श्वास घ्यायला त्यांना दुसरा मार्ग नाही.

ऑक्सिजन संपला म्हणजे कुजणं थांबलं असं नाही. काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर काम भागवतात. लिटरभर समुद्राच्या पाण्यात जवळपास 35 ग्रॅम क्षार असतात, त्यातलं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट. पण हे काम फार सावकाश चालतं, आणि मुळांतला, सालीतला लाकडी भाग त्यांना फारसा पचत नाही. तो तसाच राहतो. या कामात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. लोकलमधून खाडीपूल ओलांडताना आपण नाक दाबतो तो वास पूर्णपणे सांडपाण्याचाच असतो असं नाही. मुंबईत सांडपाण्याचाही असतो, हे खोटं कशाला बोला.

चिखलात जाणारा सगळा कार्बन तिथल्याच पानांचा नसतो. बारीक मुळं जागेवरच वाढतात आणि जागेवरच मरतात, त्यांचा वाटा मोठा. शिवाय सावित्री, वाशिष्ठीसारख्या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीतली माती आणि पालापाचोळा घेऊन येतात. कांदळवनाच्या मुळांच्या जाळीत पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ तिथेच बसतो.

हे मोजतात तरी कसं?

इथे थोडं थांबतो, कारण पुढचा सगळा हिशेब या मोजणीवर उभा आहे.

ओहोटीला कांदळवनात शिरायचं. पाय पोटरीपर्यंत रुततो, चप्पल गेली तर गेली. सोबत मीटरभर लांबीची, एका बाजूने उघडी असलेली पोलादी नळी असते. ती हाताने सरळ खाली दाबायची, अर्धा फेरा फिरवायची आणि हळूच ओढून काढायची. नळीत चिखलाचा अखंड दांडा येतो. वरचं टोक तपकिरी, बोटाच्या पेरभर. त्याच्या खाली एकदम काळंभोर. लोह आणि गंधकाच्या संयुगामुळे तो रंग येतो. मध्येच मुळांचे तंतू, कुठे पानाची ओळखू येणारी शीर, कुठे शिंपल्याचा तुकडा. काळा भाग उघड्यावर ठेवला की हवेच्या स्पर्शाने त्याचा रंग पालटू लागतो. हवा लागल्यावर चिखलात काय सुरू होतं त्याचा हा डोळ्यांदेखत मिळणारा पुरावा.

मग दांड्याचे ठरावीक अंतरावर तुकडे करून प्रत्येकाची पिशवी वेगळी ठेवायची. प्रयोगशाळेत ते सुकवतात आणि वजन करतात. शिंपल्यांतही कार्बन असतो, पण तो चुनखडीतला. तो हिशेबात धरायचा नसतो म्हणून आम्ल घालून काढून टाकतात. उरलेला नमुना भट्टीत 450 ते 550 अंशांवर जाळला की जैविक भाग उडून जातो. वजनात किती घट आली त्यावरून कार्बन किती होता ते निघतं. नेमकेपणा हवा असेल तर त्यासाठी वेगळी यंत्रंही आहेत.

आता कागद-पेन्सिल घेऊ. एक घनमीटर चिखल सुकवल्यावर समजा 800 किलो भरला आणि त्यात अडीच टक्के कार्बन निघाला. म्हणजे घनमीटरला 20 किलो. एक हेक्टर जागा मीटरभर खोल धरली तर 10 हजार घनमीटर होतात. म्हणजे हेक्टरी 200 टन कार्बन, फक्त वरच्या मीटरभरात. हा आकडा मी हात राखून धरला आहे. वर सांगितलेल्या मोजणीत झाडं आणि खोलवरची माती धरून सरासरी हेक्टरी हजार टनांच्या आसपास निघाली होती. पण तिथे इंडोनेशियासारख्या देशांतली जाडजूड गाळाची वनं होती. आपल्या खाड्यांना तो आकडा जसाच्या तसा लावणं बरं नव्हे.

जंगल भरतं, चिखल भरत नाही

पिकलेल्या जंगलात नवीन झाड उगवतं तसं जुनं पडतं. वणवा लागला तर शंभर वर्षांची कमाई दोन दिवसांत जाते. त्यामुळे कार्बनचा साठा एका पातळीला जाऊन बराचसा स्थिरावतो.

खाडीत जमीनच वर वर चढत असते. गाळ आणि मुळं यांच्यामुळे दरवर्षी काही मिलिमीटर थर वाढतो, त्याखालचा थर कायमचा हवाबंद होतो. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या बेटांवर कांदळवनाखाली दहा मीटरांच्या आसपास जाडीचा थर सापडतो. त्याच्या तळाचं वय 7,000 वर्षांहून जास्त आहे. समुद्र वर येत गेला आणि वन त्याच्यासोबत स्वतःच्याच मुळांवर उभं राहून वर चढत गेलं.

जगभरच्या मोजण्यांची सरासरी पाहिली तर कांदळवनाच्या जमिनीत वर्षाला हेक्टरी साधारण दोन टन कार्बन गाडला जातो. जमिनीवरच्या जंगलांच्या मातीत हाच दर त्याच्या कित्येक पटींनी कमी असतो. "कांदळवन जंगलाच्या चाळीसपट कार्बन शोषतं" असं वाक्य फॉरवर्डमध्ये फिरतं ते इथून आलेलं आहे. पण ती तुलना फक्त मातीत गाडल्या जाणाऱ्या कार्बनची असते, लाकडाची नसते, आणि फॉरवर्डमध्ये नेमका तेवढाच भाग गळतो.

महाराष्ट्राचा हिशेब

भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालानुसार देशात 4,992 चौरस किलोमीटर कांदळवन आहे. पश्चिम बंगाल 2,114, गुजरात 1,175, महाराष्ट्र 324, गोवा 27. महाराष्ट्राचं क्षेत्र ढोबळ 32 हजार हेक्टर धरू.

दरवर्षीची भर: हेक्टरी दोन टन म्हणजे 64 हजार टन कार्बन. एक टन कार्बन जळून 3.67 टन कार्बन डायऑक्साइड होतो, त्यामुळे हे झाले वर्षाला जवळपास 2.35 लाख टन.

साठा: हेक्टरी 200 टन म्हणजे 64 लाख टन कार्बन. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे 2.35 कोटी टन.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. साठा हा वार्षिक भरीच्या शंभरपट आहे. शंभर वर्षांची कमाई खाली पडून आहे आणि दरसाल तिच्यात एक टक्का भर पडते. माझ्या मते नील कार्बनबद्दल एवढं एक लक्षात ठेवलं तरी बातम्यांतले निम्मे दावे आपोआप पारखता येतात. कारण सरकारी जाहिरात असो की कंपनीचं पत्रक, बोललं जातं ते भरीबद्दल: इतकी रोपं लावली, इतका कार्बन शोषणार. आणि खाली असलेला साठा हलवला, तर त्याची वाच्यता होत नाही.

"एवढ्याशाने काय होणार आहे?"

हा आक्षेप रास्त आहे. 500 मेगावॉटचा कोळशावरचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला 1 कोटी 20 लाख युनिट वीज होते आणि अकरा-बारा हजार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळं कांदळवन वर्षभरात जे गाडतं, ते असा एकच संच तीन आठवड्यांत हवेत सोडतो. जगाचा आकडा घेतला तर कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला 3,700 कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. जगातली किनाऱ्यावरची सगळी पाणथळ राखली आणि उद्ध्वस्त झालेली पूर्ववत केली, तरी त्यातला फार तर दोन-तीन टक्के भाग त्यांनी पेलला जाईल.

तेव्हा कांदळवन आपल्याला कोळशातून सोडवणार नाही. तसं कुणी सांगत असेल, तर तो बहुधा दुसरीकडे धूर सोडायची परवानगी मागतोय.

मग राखायचं कशासाठी? एक तर जी दोन-अडीच कोटी टनांची पुंजी जमिनीत आहे, ती बाहेर आली तर हवेत भरच पडणार. दुसरं, कार्बन हे कांदळवनाचं एकमेव काम नाहीच. ओडिशातल्या 1999 च्या महाचक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांपुढे कांदळवनाचा रुंद पट्टा होता, तिथे मृत्यू कमी झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. कोळंबी, जिताडा, चिंबोऱ्या यांची पिल्लं इथे वाढतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीकाठचं कांदळवन बुजवल्याची किंमत मुंबईने पाहिली. पावसाचा तो आकडा कुठल्याही कांदळवनाने पेलला नसता हेही खरं, पण पाण्याला पसरायला जागा तरी मिळाली असती.

तोडलं म्हणजे सगळा कार्बन लगेच उडतो का?

नाही, आणि इथे तपशील महत्त्वाचा आहे. झाड तोडून चिखल तसाच ठेवला आणि भरती-ओहोटी चालू राहिली, तर साठ्याचा मोठा भाग काही काळ टिकतो. कोळंबीच्या तलावासाठी चिखल उपसून बांधावर रचला, तर सगळ्यात जास्त जातो. तो उन्हावाऱ्यात पडतो आणि काही वर्षांत त्यातला कार्बन उडतो. इंडोनेशियाने तीन दशकांत आपली 40 टक्के कांदळवनं गमावली, त्यात अशा तलावांचा वाटा मोठा होता. मुरूम आणि राडारोडा टाकून भराव घातला तर खालचा काही कार्बन गाडलेलाच राहतो, पण भर पडणं कायमचं थांबतं.

सगळ्यात फसवा प्रकार चौथा. रस्ता कांदळवनाच्या कडेने जातो, झाड एकही तुटत नाही, पण भरावाखाली पुरेशा मोऱ्या ठेवलेल्या नसतात. पलीकडे भरतीचं पाणी पोचणं बंद होतं. दोन-तीन वर्षांत झाडं वाळतात, चिखलाला भेगा पडतात आणि हवा आत शिरते. कागदावर तोडलेल्या झाडांची संख्या शून्य. म्हणून रस्ता खांबांवर आहे की भरावावर, हा प्रश्न किती झाडं तुटणार याच्याइतकाच मोठा आहे.

पाचपट लागवडीचं गणित

एक हेक्टर गेलं, त्यातला निम्मा साठा, म्हणजे 100 टन कार्बन सुटला असं धरू. त्याबदल्यात पाच हेक्टर लावलं. सगळी रोपं जगली आणि पहिल्या दिवसापासून चिखलात दोन टनांनी भर पडू लागली, तर वर्षाला दहा टन. भरपाईला दहा वर्षं. हे वाईट नाही.

पण रोपं जगतात का? फिलिपिन्समध्ये कित्येक दशकं मोठ्या प्रमाणावर लागवड झाली आणि दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण 10 ते 20 टक्क्यांवर राहिलं. कारण साधं होतं. मोकळी आणि विनातंट्याची जागा कोणती? समुद्राच्या बाजूचा उघडा चिखल. तिथे पाणी जास्त वेळ राहतं, लाटा लागतात, म्हणून मुळात तिथे कांदळवन उगवलेलं नसतं. त्याच ठिकाणी सरळ रेषेत कांदळाच्या शेंगा खोचल्या, फोटो काढले, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या वाहून गेल्या. पाचातलं एकच हेक्टर जगलं तर आपल्या गणितात दहाची पन्नास वर्षं होतात.

शिवाय उघडा चिखल म्हणजे रिकामी जागा नव्हे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात ते अशाच चिखलावर. 2022 मध्ये ही खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली ती कांदळवन आणि उघडा चिखल दोन्ही असल्यामुळे. तिथे झाडं लावून चिखल झाकला तर एकाला वाचवायला दुसऱ्याचं घर मोडल्यासारखं होईल. आणि भरपाईची झाडं समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, कोरड्या जमिनीवर लावली, तर तिथे एक चांगलं जंगल उभं राहीलही, पण खाडीच्या चिखलाची ती भरपाई नव्हे.

लागवड फुकट असं मला म्हणायचं नाही. 2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिष्टी नावाची कांदळवन योजना जाहीर झाली, सुमारे 540 चौरस किलोमीटरचं लक्ष्य ठेवून. जिथे पूर्वी कांदळवन होतं आणि पाणी अडवल्यामुळे मेलं, तिथे पाण्याची वाट मोकळी करून दिली की बऱ्याचदा रोप लावावंच लागत नाही. भरतीसोबत बिया आणि शेंगा येतात आणि आपापल्या उंचीवर रुजतात. अडचण एवढीच की मोकळ्या केलेल्या मोरीपुढे उद्घाटनाचा फोटो चांगला येत नाही.

"दलदलीतून मिथेन निघतो, मग उपकार कसले?"

मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 28 पट जास्त उष्णता धरून ठेवणारा वायू. गोड्या पाण्याच्या दलदलीतून तो भरपूर निघतो. खाऱ्या चिखलात मात्र वर सांगितलेले सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांना उपाशी ठेवतात, कारण दोघांचं अन्न एकच. पाणी जितकं खारं तितका मिथेन कमी.

शून्य मात्र नाही. नदीच्या मुखाशी, जिथे पाणी मचूळ असतं, किंवा जिथे शहराचं सांडपाणी येऊन मिळतं, तिथे मिथेनमुळे कार्बनच्या फायद्यातला काही भाग वजा होतो. आणि बांध घालून भरती अडवली, आत पावसाचं पाणी साचू दिलं, तर खारी दलदल गोडी होते आणि मिथेन वाढतो. म्हणजे या बाबतीतही निकाल लागतो तो भरतीच्या पाण्यावर.

समुद्रच वर आला तर?

2006 ते 2018 या काळात जगातल्या समुद्रांची पातळी वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढली आणि वेग वाढतोच आहे. गाळ मिळत राहिला तर कांदळवन या वेगासोबत वर चढू शकतं. पण हजारो वर्षांपूर्वीच्या थरांचा अभ्यास सांगतो की वर्षाला सहा-सात मिलिमीटरच्या पुढे त्याचा दम तुटतो. धरणांत अडकलेला गाळ खाडीपर्यंत पोचत नाही, हा त्यात आणखी एक अडथळा.

अशा वेळी कांदळवन मागे, जमिनीकडे सरकतं. मागे जागा असेल तर. मुंबईत त्याच्या पाठीशी संरक्षक भिंत, इमारत नाहीतर रस्ता असतो.

मागच्या जागेत ज्याचं शेत आहे, त्याने काय करायचं?

शहरातल्या लेखांत हा प्रश्न सहसा येत नाही. पेण-अलिबागच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खाडीची जमीन भाताखाली आणली गेली. बांधाला उघाडी असते; ओहोटीला पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरतीला तिची दारं मिटतात. गोव्यातली खाजनं याच जातीची, तिथे उघाडीला मानस म्हणतात. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली नाही, तर खारं पाणी शेतात शिरतं. भात जातो. पाठोपाठ तिवराची रोपं उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडायला मनाई केली ती जमिनीची मालकी कुणाचीही असो. 2018 च्या निकालात तर कांदळवनाचा नाश हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला गेला. निकाल योग्यच आहे. पण सातबारा नावावर, शेतात तिवर, आणि कोयता लावला तर गुन्हा, अशी त्या शेतकऱ्याची गत होते. कांदळवनाबद्दल त्याला प्रेम वाटावं अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

यावर उपाय म्हणून कार्बन क्रेडिट सुचवलं जातं: जितका कार्बन राखला तितकी प्रमाणपत्रं कंपन्यांना विकायची. केनियातल्या गाझी उपसागराकाठच्या गावांनी 2013 पासून 117 हेक्टरवर हे करून दाखवलं आणि त्या पैशातून पाणी आणि शाळांची कामं केली. पाकिस्तानात सिंधूच्या मुखाशी याहून खूप मोठा प्रकल्प चालू आहे. आपल्याकडे दोन अडचणी आहेत. पहिली, जे वन कायद्याने आधीच सुरक्षित आहे, ते राखल्याबद्दल क्रेडिट मिळत नाही; नव्याने काही केलं तरच मिळतं. दुसरी, रक्कम. हेक्टरी दोन टन कार्बन म्हणजे 7.3 टन कार्बन डायऑक्साइड. टनाला 1,000 रुपये भाव धरला तर वर्षाला 7,300 रुपये, आणि त्यातून मोजणी, तपासणी, दलाली वजा जायची. एकट्या शेतकऱ्याला हे परवडत नाही.

परवडेल असं जोडीला काहीतरी लागतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, सिंधुदुर्गात काही ठिकाणी कांदळवनातच जाळीत चिंबोऱ्या पाळतात. पण अशा सफरींना प्रत्येक गावात पर्यटक येणार नाहीत. बाकीच्यांसाठी दोनच सरळ वाटा दिसतात. बांधाला खांड पडल्यावर त्याच हंगामात ती बुजवायला पैसे आणि मुरूम मिळावा. आणि जिथे तिवर पक्कं रुजलंय, तिथे सरकारने ती जमीन भातशेतीच्या भावाने विकत घ्यावी. 50 हेक्टर भरावाच्या रस्त्याला जो खर्च येतो, त्यापुढे ही रक्कम किरकोळ असेल.